बाळ कोणाला आपले मानते?

या महिन्यात उत्तरासाठी निवडलेली पत्रे एकाच विषयाची आहेत: तान्ह्या मुलाचा जीव कोणावर, केव्हा आणि कशामुळे जडतो. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि लांब पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

*प्रश्न: माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी बँकेत पुन्हा रुजू झाले, तेव्हापासून दिवसभर तिला सासूबाई सांभाळतात. संध्याकाळी मी घरी येते तेव्हा ती त्यांच्या कडेवर असते. मी हात पुढे केले की तोंड फिरवते आणि त्यांच्या पदराचे टोक मुठीत घट्ट धरते. सकाळी मात्र मी निघताना इतकी रडते की आता मी तिचा डोळा चुकवून बाहेर पडते. 'आता आजीच तिची आई' असे शेजारी थट्टेने म्हणतात, ते मनाला फार लागते. मी नोकरी सोडावी का? (ठाणे)*

उत्तर: तुमच्या पत्रातच अर्धे उत्तर आलेले आहे. जिच्याशी नाते जुळलेले नाही तिच्या जाण्याने दहा महिन्यांचे मूल असा टाहो फोडत नाही. सकाळचे रडणे तुमच्यासाठीच आहे, आणि संध्याकाळचे तोंड फिरवणे म्हणजे तुम्हाला नाकारणे नव्हे. दिवसभर नजरेआड असलेले माणूस एकाएकी समोर येऊन हात पसरते, तेव्हा या वयाच्या मुलाला स्वतःला सावरून घ्यायला थोडा वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

नाते जुळण्याचा क्रम लक्षात घेतला तर तुमची घालमेल बरीच कमी होईल. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत बाळ कोणाच्याही हातात शांत होते. त्यानंतर ओळखीच्या चेहऱ्याला ते अधिक मोकळे हसू लागते, तरीही पाहुण्यांकडे जायला त्याची हरकत नसते. सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास मात्र त्याची निवड पक्की होऊ लागते: हे माझे माणूस, ते परके. आपले माणूस दूर गेले की ते रडते आणि परके जवळ आले की आक्रसते. रूडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ग्लासगोमधील ६० बाळांच्या घरी दर महिन्याला जाऊन हा क्रम नोंदवला आणि १९६४ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडे २०१७ च्या कायदादुरुस्तीने पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, ही मोठीच सुधारणा झाली. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि बहुतेक आयांची रजा नेमकी ही निवड पक्की होण्याच्या तोंडावर संपते. त्यामुळे आई कामावर जाऊ लागली आणि मूल रडू लागले, या दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात घडतात आणि घरातले सगळे दुसरीचा दोष पहिलीवर टाकून मोकळे होतात. तुम्ही घरी राहिला असतात तरी ती या महिन्यांत तुमच्या मागे न्हाणीघराच्या दारापर्यंत रडत आलीच असती.

आता आजीविषयी. मूल एका वेळी एकाच माणसाचे होऊ शकते, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की आजीचे नाते वाढले म्हणजे आईचे तेवढे कमी झाले असा हिशेब आपण नकळत मांडतो. अनुबंधाच्या, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातील घट्ट नात्याच्या, सिद्धान्ताचे जनक जॉन बोल्बी यांच्या सुरुवातीच्या लेखनानेही या समजुतीला बळ दिले, कारण त्यांचा सगळा भर एका मुख्य व्यक्तीवर आणि बहुधा आईवर होता. ग्लासगोच्या अभ्यासात चित्र वेगळे दिसले. दीड वर्षाच्या वयात बहुसंख्य मुलांचे नाते एकाहून अधिक माणसांशी जुळलेले होते, त्यात वडील, आजी-आजोबा, भावंडे आणि शेजारीही होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जास्त वेळ जवळ असणारी किंवा रोज दूध पाजणारी व्यक्तीच मुलाला सर्वांत जवळची असते असे नाही. मुलाच्या हाकेला जी व्यक्ती ओ देते, त्याच्याकडे बघते, त्याच्याशी खेळते, तिच्यावर त्याचा जीव जडतो. अन्नापेक्षा ऊब आणि आधार मोठा ठरतो हे हॅरी हार्लो यांनी १९५८ साली माकडांच्या पिलांवरील प्रयोगांतून दाखवले होते. दूध तारेच्या कृत्रिम आईकडे ठेवले तरी पिले दिवसाचा बराचसा वेळ मऊ कापडाच्या आईला बिलगून राहत. पिलांना आयांपासून तोडून केलेले ते प्रयोग आजच्या नजरेला क्रूर वाटतात, आणि ते होतेच. पण 'जो खाऊ घालतो त्याचे मूल' हे सूत्र त्यांच्यानंतर टिकले नाही.

तुमच्या मुलीचे वागणे इंटरनेटवरील चाचण्यांशी ताडून पाहू नका, असे मुद्दाम सांगतो, कारण 'बाळ आईला टाळते का?' अशी कोष्टके हल्ली सर्रास फिरतात. त्यांच्या मुळाशी असलेली पद्धत मेरी एन्सवर्थ यांची. त्यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात कंपालाच्या परिसरातील खेड्यांमध्ये आया आणि मुले यांचे घरोघर निरीक्षण केले आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे सुमारे वीस मिनिटांची एक रचना बेतली: अनोळखी खोली, खेळणी, एक परकी स्त्री, आणि आईचे दोनदा बाहेर जाऊन परत येणे. आई गेल्यावर मूल किती रडले यापेक्षा ती परतल्यावर ते तिच्याजवळ येऊन शांत होते का आणि पुन्हा खेळाकडे वळते का, हे त्या पाहत. ही निरीक्षणे प्रशिक्षित माणसे चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहून नोंदवतात. शिवाय जी मुले एरवी आईपासून कधी दूरच झालेली नसतात, त्यांना ही रचना फार जड जाते, असे जपानमधील अभ्यासांत दिसले. आजीच्या कडेवरून, भरल्या घरात, दिवसाअखेर दमलेल्या मुलीने केलेल्या एका हालचालीवरून असे निदान करता येत नाही.

नोकरी सोडण्याचा निर्णय तुम्हाला अन्य कारणांनी घ्यायचा असेल तर घ्या. नाते वाचवण्यासाठी तो घेण्याची गरज मला दिसत नाही. अमेरिकेत १९९१ पासून १३०० हून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, केवळ दिवसा दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखाली राहिल्याने आईशी असलेले नाते असुरक्षित झाल्याचे आढळले नाही. आईच मुलाच्या खाणाखुणांना फारशी दाद देत नसेल आणि त्यात भर म्हणून दिवसभराची देखरेखही सुमार असेल, तेव्हा मात्र धोका वाढलेला दिसला. तुमच्या घरात तिला एक खंबीर आजी आणि तिच्याविषयी इतका विचार करणारी आई आहे.

करण्यासारखे दोन बदल आहेत. पहिला सकाळचा: डोळा चुकवून जाणे बंद करा. आईने डोळा चुकवला की त्या वेळेचे रडणे टळते, पण आई कोणत्याही क्षणी नाहीशी होऊ शकते हे मूल शिकते आणि मग दिवसभर तुमच्या मागे मागे राहते, तुम्ही नुसत्या गॅलरीत कपडे वाळत घालायला गेलात तरी. तिला सांगून, आजीच्या हातात देऊन, हात हलवून निघा. ती रडेल. दाराशी रेंगाळून पाच वेळा परत फिरू नका, आणि रोजचे निरोपाचे शब्द तेच ठेवा. दुसरा बदल संध्याकाळचा: आल्याबरोबर तिला ओढून घेऊ नका. हातपाय धुऊन तिच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसा, सासूबाईंशी बोला, तिचीच एखादी वाटी-चमचा घेऊन वाजवत राहा. बहुतेक मुले आधी तिरक्या नजरेने बघतात, मग आजीच्या कडेवरून वाकतात, आणि मग स्वतः खाली उतरून येतात. त्याशिवाय दिवसातले एक काम कायमचे तुमचे ठेवा, रात्रीचा मऊ भात भरवणे असो की झोपवणे असो. त्यात सासूबाईंनी हात घालू नये आणि तुम्ही फोन घेऊ नये. शेजाऱ्यांना उत्तर द्यायचेच असेल तर आजी आजीच आहे म्हणून सांगा, आणि सासूबाईंच्या देखत सांगा. या थट्टेने त्यांनाही अवघडल्यासारखे होत असणार.

*प्रश्न: नातू चार महिन्यांचा आहे. तो रडला की मी लगेच उचलते. सून आणि मुलगा म्हणतात, 'आई, त्याला हातावरची सवय लागेल, थोडे रडू द्यावे, आता नवीन शास्त्र असेच सांगते.' आम्ही आमची मुले अशीच वाढवली, ती काही बिघडली नाहीत. कोणाचे खरे? (संगमनेर)*

उत्तर: आजी, चार महिन्यांच्या बाळाबाबत तुमचे खरे. आणि ज्याला मुलगा नवीन शास्त्र म्हणतो ते फारसे नवीन नाही: मुलांना मिठी मारू नये, मुके घेऊ नयेत, फार तर सकाळी हस्तांदोलन करावे, असा सल्ला जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली दिला होता. रडणाऱ्या मुलाला उचलणे म्हणजे रडण्याला बक्षीस देणे, हा विचार त्याच परंपरेतला.

या वयाचे बाळ रडून कोणाला नाचवत नाही. रडणे हे त्याच्याकडचे एकमेव साधन आहे; भूक, ओले दुपटे, पोटातला वात, झोप न लागणे, सगळे तो त्याच एका मार्गाने कळवतो. पुन्हा पुन्हा हाक दिली आणि कोणी आले, हा अनुभवच पुढे विश्वास बनतो. एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकारी सिल्व्हिया बेल यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या बाल्टिमोरच्या अभ्यासात असे आढळले की पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लगेच दाद मिळाली, ती बाळे वर्षाच्या अखेरीस तुलनेने कमी रडत होती. पुढे नेदरलँड्समधील संशोधकांना मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा मिळाला नाही. त्यामुळे 'उचलाल तितके कमी रडेल' असे वचन मी देणार नाही. पण 'उचलाल तर बिघडेल' या भीतीला आधार नाही, हे निश्चित.

तुमच्या सुनेच्या म्हणण्यातही एक ग्राह्य भाग आहे. कुरकुर आणि रडणे यांत फरक असतो. झोपेत चुळबुळ करणारे, जरासे कण्हणारे बाळ पुष्कळदा आपोआप पुन्हा झोपते आणि आपण धावत जाऊन त्याला उचलले तर पुरते जागे होते. अशा वेळी पाळण्याशी उभे राहून अर्धा-एक मिनिट थांबा, छातीवर हात ठेवा, दोन शब्द बोला. थांबले तर ठीक, सूर चढला तर उचला. आणि सुनेला हवे तेव्हा तिलाही उचलू द्या. काही घरांत आजीचे हात इतके चपळ असतात की आईला संधीच मिळत नाही. तुमच्या घरी तसे असेलच असे नाही, पण एकदा बघून घ्या.

*प्रश्न: माझे पती सैन्यात आहेत. ते सुट्टीवर आले तेव्हा सव्वा वर्षाचा मुलगा त्यांना बघून किंचाळून रडला आणि चार दिवस त्यांच्याजवळ गेला नाही. रोज व्हिडिओ कॉलवर तर 'पप्पा' म्हणून हसतो. पती फार खट्टू झाले आहेत. (सातारा)*

उत्तर: फोनच्या पडद्यावरचे पप्पा हाताएवढे असतात, त्यांना वास नसतो आणि ते उचलून घेत नाहीत. दारात उभा राहिलेला उंच, मिशीवाला, बूट वाजवणारा माणूस तोच आहे हे जुळवायला सव्वा वर्षाच्या मुलाला काही दिवस लागतात. चार दिवस हे मुळीच फार नाहीत. रोजचा कॉल वाया गेलेला नाही. आवाज आणि 'पप्पा' हा शब्द त्याच्या ओळखीचे झाले आहेत, त्यामुळे पुढची ओळख लवकर होईल.

घरच्यांनी 'अरे, पप्पा आहेत, जा ना' म्हणत त्याला वडिलांच्या मांडीवर ढकलू नये. तो तुमच्या कुशीत असताना पतींनी जवळ बसावे, त्याच्याकडे एकटक बघू नये, चेंडू त्याच्या दिशेने घरंगळत सोडावा आणि तो परत येण्याची वाट बघावी. दोन-तीन दिवसांनी अंघोळ, फेरफटका किंवा गोठ्यातली गाय दाखवणे असे एखादे काम पूर्णपणे वडिलांकडे द्या. सुट्टीच्या शेवटी तो त्यांच्यासाठी रडला तर वाईट वाटून घेऊ नका.

*प्रश्न: आम्ही तेरा महिन्यांची मुलगी दत्तक घेतली आहे. ती जन्मल्यापासून शिशुगृहात होती. ती अजिबात रडत नाही, पडली तरी आमच्याकडे बघत नाही, आणि घरी येणाऱ्या कोणाकडेही हसत जाते. सगळे म्हणतात, 'किती गुणी मुलगी आहे.' पण पहिल्या वर्षात नाते जुळले नाही तर ते कधीच जुळत नाही, असे आम्ही वाचले. आम्ही उशीर तर केला नाही ना? (कोल्हापूर)*

उत्तर: तुम्ही उशीर केलेला नाही. तिचे न रडणे हे गुणीपण आहे असे तुम्ही मानले नाही, हे चांगले झाले, कारण तुमची शंका योग्य आहे.

शिशुगृहातील बायका कितीही मायाळू असल्या तरी पाळ्या बदलतात आणि एकेकीकडे अनेक मुले असतात. रडल्यावर दर वेळी तेच माणूस येईल याची शाश्वती नसली की मूल हळूहळू हाक मारणे सोडून देते. कोणाकडेही सारख्याच सहजतेने जाणे हाही त्याचाच भाग आहे: अमुक एक माणूस आपले, हा भेद करण्याची संधी तिला मिळालेली नाही.

'पहिल्या वर्षात नाही तर कधीच नाही' ही कल्पना अंशतः पक्ष्यांवरील संशोधनातून आली. कॉनराड लोरेन्झ यांनी १९३५ साली वर्णन केल्याप्रमाणे हंसाची पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या हलत्या वस्तूच्या मागे लागतात आणि त्यासाठीची मुदत फार थोडी असते. माणसाच्या बाबतीत अशी कडक मुदत नाही. काळ महत्त्वाचा आहे, पण दार एका दिवसात बंद होत नाही. याविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा रुमानियातला आहे. तेथे हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत अनाथालये मुलांनी भरून गेली होती. २००० साली बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी संस्थांमधील १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. ही मुले सहा ते एकतीस महिन्यांची होती. त्यांतील निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवली गेली, बाकीच्यांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. साडेतीन वर्षांच्या वयाला पाहिले तेव्हा कुटुंबात गेलेल्या मुलांमध्ये सुरक्षित नाते जुळल्याचे प्रमाण संस्थेतील मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते, आणि जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली त्यांचा लाभ अधिक होता. तुमची मुलगी तेरा महिन्यांची आहे.

पुढचे काही महिने तिच्या आयुष्यात माणसे कमी ठेवा. हे सांगताना मला कल्पना आहे की कोल्हापुरात मुलगी घरी आली म्हटल्यावर पन्नास माणसे पेढे घेऊन येणार. त्यांना येऊ द्या, पेढे घ्या, पण मुलीला हातोहात फिरवू नका. भरवणे, अंघोळ, झोपवणे आणि लागले-खुपले तर उचलणे ही चार कामे फक्त तुम्ही दोघांनी करायची, आजी-आत्या-मावशींनी तिच्याशी खेळायचे, एवढी साधी विभागणी घरात जाहीर करून टाका. ती पडली आणि रडली नाही तरी तुम्ही जा, 'लागले का बाळाला?' म्हणत जवळ घ्या, ते ठिकाण चोळा. तिने मागितले नसतानाही मिळू लागले की काही आठवड्यांनी ती मागू लागेल. शिशुगृहात ती कोणत्या दुपट्यात झोपत असे, काय खात असे, तिला कोणत्या नावाने हाक मारीत, हे विचारून घ्या आणि ते लगेच बदलू नका. दत्तक संस्थेच्या समाजसेविका पाठपुराव्यासाठी येतील तेव्हा 'सगळे छान चालले आहे' एवढेच सांगून त्यांना परत पाठवू नका. तुम्ही मला लिहिले तेच त्यांना सांगा.

एक दिवस ती पाहुण्यांना बघून तुमच्या पायांमागे लपेल, किंवा तुम्ही दुकानात गेलात म्हणून भोकाड पसरेल. घरातले म्हणतील, 'आधी किती गुणी होती, आता हट्टी झाली.' तुम्ही दोघांनी त्या दिवशी गोड काहीतरी करायला हरकत नाही. सहा महिन्यांनंतरही काहीच बदल दिसला नाही, ती नजरेला नजर देत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर बालविकासतज्ज्ञांकडून तिची श्रवणासह पूर्ण तपासणी करून घ्या, कारण या लक्षणांना इतर कारणेही असू शकतात.

*प्रश्न: माझे बाळ सातव्या महिन्यात झाले आणि तीन आठवडे काचेच्या पेटीत होते. जन्मल्याबरोबर छातीशी घेतले नाही तर नाते तुटते असे म्हणतात. आता ते घरी येऊन दोन महिने झाले. मी सगळे करते, पण मला त्याच्याविषयी काहीच वाटत नाही. रात्री झोप लागत नाही, सारखे रडू येते, मी आई होण्याच्या लायकीची नाही असे वाटते. हे कोणाला सांगितलेले नाही. (यवतमाळ)*

उत्तर: तुम्ही लिहिलेत, हे फार बरे केलेत. आधी भीतीविषयी. जन्मानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात, हा विचार १९७० च्या दशकात अमेरिकेत मांडला गेला आणि जगभर पसरला. पुढील संशोधनात तो त्या टोकाच्या रूपात टिकला नाही. त्वचेला त्वचा लावून बाळाला छातीशी धरणे उपयुक्त आहेच, कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली कमी दिवसांच्या बाळांसाठी सुरू झालेली कांगारू पद्धत आज आपल्या सरकारी रुग्णालयांतही वापरली जाते, आणि तुम्ही ती आताही घरी करू शकता. पण जे तेव्हा राहिले त्याने काही तुटलेले नाही. पोटात असतानाच बाळाने तुमचा आवाज ऐकलेला असतो. नवजात बाळ परक्या स्त्रीपेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखणी चोखण्याची लय बदलते, हे १९८० साली प्रयोगाने दाखवले गेले आहे.

नाते रोजच्या शेकडो लहान देवाणघेवाणींतून बनते आणि त्यांतील पुष्कळ चुकतात. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि बाळे यांचा समोरासमोरचा खेळ बारकाईने पाहिला, तेव्हा निरोगी जोड्यांमध्येही दोघांचा सूर बराच वेळ जुळलेला नसतो असे दिसले. चुकलेला सूर पुन्हा जुळवला जातो, आणि बाळाला त्या पुन्हा जुळण्यातून बळ मिळते.

आता मुख्य गोष्ट. झोप न लागणे, सतत रडू येणे, बाळाविषयी काही न वाटणे आणि स्वतःला नालायक समजणे ही बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणे आहेत. हा आजार आहे, त्यात तुमच्या मायेचा कमीपणा नाही, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे असतात, त्यामुळे डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा किंवा बाळाच्या डॉक्टरांना तरी सांगा. बाळ बघायला येणाऱ्या आशाताईंनाही सांगता येईल. पती, आई किंवा बहीण यांपैकी एकाला आजच सांगून सोबत घ्या. घराबाहेर पडणे जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर थांबू नका, त्याच क्षणी घरातल्या माणसाला उठवा, बाळ त्याच्या हाती द्या आणि रुग्णालयात जा.